नाओशिमाला जाताना: आधी चिचूची वेळ, मग बोट, मग बाकी सगळं

जपानमधल्या नाओशिमा या कलाबेटावरून आलेल्या माणसांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "बेट सुंदर आहे हो, पण ते मुख्य म्युझियम, चिचू, तेवढं राहिलं." कोणी सोमवारी गेलेलं असतं, कोणाला दारात "आजच्या वेळा संपल्या" असं ऐकावं लागतं, कोणी भलत्याच गाडीत बसून समुद्र ओलांडून जातं. मग धक्क्यावरच्या पिवळ्या भोपळ्याच्या शिल्पासोबत फोटो काढून मंडळी परत येतात.

चूक जवळजवळ प्रत्येकाची एकच असते. आधी शिंकान्सेन (बुलेट ट्रेन), मग हॉटेल, मग बोट आणि अगदी शेवटी म्युझियमचं तिकीट, असा क्रम लावला जातो. नाओशिमाला हा क्रम उलटा करावा लागतो. आधी म्युझियमची वेळ, तिच्यावरून बोट, बोटीवरून रेल्वे आणि रेल्वेवरून मुक्काम. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. पहिले दोन टप्पे झाल्याशिवाय तिसऱ्याकडे वळू नका.

टप्पा १: वार ठरवा, तारीख नंतर

नाओशिमा हे जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातलं, कागावा प्रांतातलं एक बेट. वस्ती तीनेक हजारांची. बेटावरची बहुतेक कलादालनं सोमवारी बंद असतात: चिचू आर्ट म्युझियम, ली उफान म्युझियम, होनमुरा गावातली कलाघरं (कलाकारांनी बदलून टाकलेली जुनी घरं) आणि २०२५च्या मे महिन्यात उघडलेलं नाओशिमा न्यू म्युझियम ऑफ आर्ट. बेनेसे हाउस म्युझियम तेवढं बारा महिने उघडं असतं. दालनं बंद म्हटल्यावर कितीतरी कॅफे आणि खाणावळीही त्या दिवशी शटर ओढतात.

सोमवार टाळायचा एवढं सगळ्यांना कळतं. फसगत होते ती मंगळवारी. सोमवारी राष्ट्रीय सुट्टी आली तर दालनं उघडी राहतात आणि बदली सुट्टी मंगळवारी घेतात. जपानमध्ये सोमवारच्या सुट्ट्या कमी नाहीत: जानेवारीचा दुसरा सोमवार, जुलैचा तिसरा, सप्टेंबरचा तिसरा, ऑक्टोबरचा दुसरा. माझ्या ओळखीचं एक जोडपं ऑक्टोबरमध्ये "सोमवार नको, मंगळवारी जाऊ" असं ठरवून गेलं. नेमका सुट्टीनंतरचाच मंगळवार निघाला. धक्क्यावर उतरल्यावर त्यांना हे समजलं.

शेजारच्या तेशिमा बेटाचं गणित वेगळं आहे. तिथलं म्युझियम मंगळवारी बंद असतं आणि हिवाळ्यात आठवड्याचे आणखी काही दिवसही. दोन्ही बेटं करायची असतील तर बुधवार ते रविवार यातले दोन दिवस धरा. हिवाळ्यात तेशिमासाठी शुक्रवार ते रविवार यातलाच दिवस घ्या.

*तपासून घ्या:* तारीख ठरली की म्युझियमच्या संकेतस्थळावरचं त्या महिन्याचं कॅलेंडर उघडून नेमका तो दिवस पाहा. देखभालीसाठीच्या बंद दिवसांची नोंदही तिथेच असते. "सहसा उघडं असतं" यावर विसंबू नका.

ऋतूचं थोडक्यात. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, पुढे दमट उकाडा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळं. २०२१च्या ऑगस्टमध्ये आलेल्या वादळाने कलाकार यायोई कुसामांचा तो प्रसिद्ध पिवळा भोपळा धक्क्यावरून उचलून समुद्रात फेकला होता; पुन्हा बसवला तो २०२२च्या ऑक्टोबरात. एप्रिल आणि नोव्हेंबर उत्तम. २०१०पासून दर तीन वर्षांनी इथे सेतोउची त्रैवार्षिक कला महोत्सव भरतो. तो वसंत, उन्हाळा आणि शरद अशा तीन हंगामांत चालतो. त्या दिवसांत पाहायला भरपूर मिळतं, पण रांगाही तितक्याच. पहिल्याच खेपेला महोत्सवाचं वर्ष निवडू नका, असं माझं मत आहे.

टप्पा २: चिचूची वेळ आरक्षित करा

चिचू म्हणजे जमिनीच्या पोटात. वास्तुविशारद तादाओ आन्दो यांनी २००४मध्ये टेकडीत जवळपास पूर्ण गाडून बांधलेलं हे म्युझियम आहे. आत ठरावीक वेळी ठरावीक माणसंच सोडतात, त्यामुळे इथे तारखेसोबत वेळेचंही तिकीट ऑनलाइन काढावं लागतं. जागा उरली तर दारात तिकीट मिळतं, पण वसंतात आणि शरदात, शनिवार-रविवारी ती उरत नाही, असंच धरून चला.

कुठली वेळ घ्यावी? पहिल्या बोटीने येणारे बहुतेक जण सकाळची पहिली वेळ धरून थेट चिचूकडे धावतात. मी दुपारी दीड ते अडीचच्या मधली वेळ घ्यायला सांगेन. होनमुराची कलाघरं संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बंद होतात, चिचू त्यानंतर आणि बेनेसे हाउस म्युझियम सगळ्यांत उशिरा. आधी बंद होतं ते आधी पाहिलं की दिवस आपोआप जुळतो, आणि सकाळी गर्दी चिचूकडे असताना होनमुराच्या गल्ल्या मोकळ्या सापडतात.

हिवाळ्यात मात्र वेळ थोडी अलीकडे ओढा, बारा ते एकच्या दरम्यान. चिचूतली चित्रं नैसर्गिक उजेडात दाखवतात; दिवस कलला की तिथलं फ्रेंच चित्रकार मोनेचं दालन काळवंडायला लागतं.

मुलं सोबत असतील तर त्यांचीही नावं त्याच आरक्षणात टाका. पंधरा वर्षांपर्यंत प्रवेश मोफत आहे, पण वेळेतली जागा त्यांनाही लागते. "मुलांचं तिकीट नाही म्हणजे बुकिंगही नाही" असं समजून आईवडील आत आणि मुलं बाहेर अशी वेळ आलेली मी पाहिली आहे.

होनमुरातल्या कलाघरांपैकी किंझा आणि मिनामिदेरा या दोन ठिकाणांची वेळही आधीच बघून ठेवा. किंझात एका वेळी एकच माणूस आत जातो, आरक्षणाशिवाय मिळत नाही.

*इशारा:* आरक्षणाचा क्यूआर कोड फोनमध्ये फोटो म्हणून जपून ठेवा. टेकडीवर नेटवर्क शोधत उभं राहायची पाळी येऊ नये.

टप्पा ३: बंदर निवडा, मग रेल्वे

बेटावर जायला दोन मुख्य वाटा. होन्शू या मुख्य बेटाच्या बाजूने उनो बंदर. तिथून नाओशिमावरच्या मियानोउरा बंदराला फेरी साधारण वीस मिनिटांत पोचते. शिकोकू बेटाच्या बाजूने ताकामात्सु. तिथून मोठ्या फेरीला सुमारे पन्नास मिनिटं लागतात आणि जलद बोटीला तीसच्या आसपास.

टोकियो, ओसाका, क्योतो किंवा हिरोशिमाकडून येणाऱ्यांनी उनोच धरावं. शिंकान्सेनने ओकायामा, तिथून स्थानिक गाडीने उनो. आणि इथेच सगळ्यांत जास्त माणसं चुकतात. ओकायामाहून उनोला थेट गाड्या कमी. बहुतेक वेळा चायामाची स्थानकात गाडी बदलावी लागते. ओकायामाहून आलेली मरीन लायनर ही गाडी तिथून पुढे सेतोच्या प्रचंड पुलावरून थेट शिकोकूला जाते. पर्यटक खिडकीतून समुद्र बघत "आलंच आता उनो" म्हणत बसून राहतात आणि ताकामात्सुला उतरतात. असं झालं तर घाबरू नका, ताकामात्सुहूनही बोट आहे. मात्र मोठ्या फेऱ्या दिवसाकाठी मोजून पाचेक. एक हुकली की दोन-अडीच तास गेले, आणि त्यासोबत आरक्षणाची वेळही.

पायी प्रवाशांना मोठ्या फेरीचं आरक्षण लागत नाही. धक्क्यावर तिकीट काढायचं आणि चढायचं. जलद बोटीत जागा मोजक्या असतात, आणि वारा वाढला की आधी तीच बंद होते. म्हणून तुमचा बेत जलद बोटीवर टांगू नका.

आता उलटा हिशेब. चिचूची वेळ दोनची. होनमुराला निदान अडीच तास, जेवण आणि बस मिळून दीड तास. म्हणजे साडेनऊ-पावणेदहापर्यंत मियानोउराला पाय टेकले पाहिजेत. उनोहून नऊच्या आसपासची फेरी, आणि त्याआधी ओकायामाहून सातच्या सुमाराला निघणं. टोकियोहून ओकायामा गाठायलाच सव्वातीन तास लागतात, त्यामुळे तिथून एका दिवसात जाऊन येण्याचं मनात आणू नका. आदल्या रात्री ओकायामा, उनो किंवा ताकामात्सुला मुक्काम करा.

*तपासून घ्या:* परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आत्ताच कागदावर लिहा. ताकामात्सुकडची शेवटची मोठी फेरी संध्याकाळी पाचच्या आसपास सुटते, उनोकडे रात्री आठनंतरही फेरी असते. या लेखातला क्रम उनोच्या परतीवर बेतलेला आहे. ताकामात्सुला परतायचंच असेल तर चिचूची वेळ बाराच्या आत घ्या आणि होनमुरातली निम्मी घरं सोडा.

टप्पा ४: काय न्यायचं, काय मागे ठेवायचं

मोठी बॅग मागे ठेवायची. बेटावरची बस छोटी आहे, तीत माणसांनाच जागा पुरत नाही. मियानोउरा बंदरावर लॉकर आहेत, पण मोठ्या आकाराचे थोडे, आणि ते पहिल्या दोन बोटींतच भरतात. बॅग ओकायामाच्या स्थानकात किंवा हॉटेलात सोडून या.

पायात सहज काढता येतील असे बूट, आणि आत न फाटलेले मोजे. हे गमतीने सांगत नाही. चिचूत आणि कलाघरांत मिळून दिवसभरात पाच-सहा वेळा बूट काढावे लागतात. माझ्या मावशीने ट्रेकिंगचे लांब लेसवाले बूट घातले होते. तिसऱ्या घरापाशी ती म्हणाली, "तुम्ही आत जाऊन या, मी इथेच बसते." ती बाहेर बसली ते नेमकं त्या दिवसातलं सगळ्यांत चांगलं घर.

रोख येन ठेवा, सुटी नाणीही. बस, लॉकर, लहान कॅफे इथे कार्ड चालेलच असं नाही. मियानोउराजवळच्या सेव्हन इलेव्हनमध्ये परदेशी कार्ड चालणारं एटीएम आहे, पण होनमुरात शिरल्यावर त्यासाठी परत येणं परवडत नाही.

शाकाहारी असाल तर दुपारची सोय सोबत आणा. नूडल्सपासून डाळीच्या सूपपर्यंत बहुतेक जपानी रश्शांत माशाचं पाणी असतं, आणि "मासे नाहीत" असं सांगणाऱ्यालाही ते मासे वाटत नाहीत. प्रत्येक वेळी समजावत बसण्यापेक्षा ओकायामाच्या स्थानकातून ब्रेड, फळं, आंबट प्लमचा भातगोळा घेऊन निघावं. मात्र खायचं ते बाहेर. दालनांत पाणीसुद्धा उघडू नका.

टप्पा ५: धक्क्यावरची पहिली वीस मिनिटं

बोट लागली की समोर कुसामांचा लाल भोपळा दिसतो आणि सगळी बोट तिकडे वळते. तुम्ही वळू नका. तो भोपळा संध्याकाळी परतताना तिथेच असणार आहे (त्याच्या आत शिरताही येतं, आणि तेव्हा गर्दी कमी असते). तुम्ही थेट बसच्या रांगेत उभे राहा. बोटीला जोडून सुटणारी बस भरली की पुढची यायला वेळ लागतो.

गावची बस मियानोउरा, होनमुरा आणि त्सुत्सुजी-सो अशी धावते. त्सुत्सुजी-सोपासून पुढे बेनेसे हाउस, ली उफान आणि चिचूकडे मोफत शटल बस जाते. म्हणजे चिचूला जायला दोन बसगाड्या लागतात. अनेकांना हे दुसऱ्या बसपाशी उभं राहिल्यावर कळतं, घड्याळात दहा मिनिटं उरलेली असताना. त्सुत्सुजी-सोहून चिचू चालत जवळपास दोन किलोमीटर आहे, तेही चढाने. वेळेच्या पाऊण तास आधी त्सुत्सुजी-सोला असा.

सायकल भाड्याने मिळते. घेणार असाल तर बॅटरीवालीच घ्या, मियानोउरातून चिचूकडे जाणारा चढ साध्या सायकलीला दम काढतो. बेनेसे हाउसच्या आवारातून मात्र सायकल नेता येत नाही. त्सुत्सुजी-सोपाशी ती लावून पुढे शटल किंवा पाय. सायकलवरून थेट चिचू गाठायचं तर मियानोउराच्या बाजूच्या डोंगररस्त्याने.

टप्पा ६: होनमुरा, सकाळी

होनमुरा हे राहतं गाव आहे. काळसर जळक्या लाकडी फळ्यांची घरं, दारापुढे कुंड्या, मधूनच एखादी आजी झाडू मारताना. यातली काही ओस पडलेली घरं आणि एक देऊळ कलाकारांच्या हाती दिलं, तीच कलाघरं. उतरल्याबरोबर माहिती केंद्रातून तिकीट आणि नकाशा घ्या. सगळी घरं दाखवणारं एकत्रित तिकीट तीन-चार घरं पाहणार असाल तरी परवडतं. किंझा त्यात येत नाही.

पहिलं काम मिनामिदेराची वेळ पक्की करण्याचं. बाकीची घरं तिच्या आजूबाजूला बसवा. उजेडातून कला घडवणाऱ्या जेम्स टरेलची कलाकृती आहे ही, आन्दोंनी बांधलेल्या काळ्या लाकडी इमारतीत. आत घेऊन जातात ते ठार अंधारात. भिंतीला हात लावत बाकापर्यंत जायचं आणि बसायचं. काहीच दिसत नाही. पहिली पाच मिनिटं शेजारच्याचा श्वास तेवढा ऐकू येतो. मग समोर काहीतरी फिकं, धुरकट उमटल्यासारखं वाटतं; डोळे चोळले तरी जात नाही. तो उजेड आधीपासूनच तिथे असतो, आपल्या डोळ्यांना तो पकडायला तेवढा वेळ लागतो. दोनच चुका इथे सगळं घालवतात: मनगटावरचं चमकणारं घड्याळ, आणि कंटाळून खिशातून काढलेला फोन. तुमच्यासोबत सगळ्यांचेच डोळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

काडोयात तात्सुओ मियाजिमांनी जमिनीवर पाण्याचं तळं केलंय आणि त्यात वेगवेगळ्या गतीने बदलणारे दिव्यांचे आकडे बसवलेत. प्रत्येकाची गती गावातल्या एकेका माणसाने ठरवलेली आहे, पाच वर्षांच्या पोरापासून पंच्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत एकूण १२५ जणांनी. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आलात तर मिनिटभर काही धड दिसणार नाही. लोक तेवढ्यात "बरं आहे" म्हणून बाहेर पडतात. बसा.

गो-ओ मंदिरात हिरोशी सुगिमोतोंचा काचेचा जिना वर देवळाशी आहे आणि खाली जमिनीतल्या खोलीपर्यंत उतरलेला आहे. वरचं पाहून परत फिरू नका. खाली जायला बाजूने अरुंद बोळ आहे, टॉर्च देतात. अंगाने जाड असाल किंवा बंदिस्त जागेत जीव घाबरत असेल तर विचार करून शिरा. बाहेर येताना मान वर ठेवा: बोळाच्या तोंडाशी बरोबर समुद्र दिसतो.

हाइशा हे पूर्वी खरोखरीचं दाताच्या डॉक्टरचं घर होतं. शिनरो ओताकेंनी भंगार, पत्रे आणि एक मोठा पुतळा घालून ते पार बदलून टाकलंय. ते बाकीच्यांपासून थोडं बाजूला आहे, म्हणून बसथांब्याकडे जाताना शेवटी घ्या. वेळ कमी पडली तर मी मिनामिदेरा, काडोया आणि गो-ओ एवढीच ठेवेन. न्यू म्युझियम ऑफ आर्ट होनमुराच्या जवळच्याच टेकडीवर आहे, आशियातल्या आजच्या कलाकारांची कामं तिथे आहेत. पण ते आणि सगळी कलाघरं एका सकाळीत बसत नाहीत. एकाच दिवसाकरता आला असाल तर सोडून द्या.

*इशारा:* या गल्ल्यांत लोक राहतात. उघडं दार दिसलं म्हणून डोकावू नका, आणि घरांच्या आत फोटो काढायचे नाहीत हेही लक्षात ठेवा.

टप्पा ७: चिचू

शटल थांबते ती तिकीट केंद्रापाशी. म्युझियमचं खरं दार तिथून आणखी काही मिनिटांच्या चालीवर आहे. वाटेत मोनेच्या बागेच्या धर्तीवर केलेलं कमळांचं तळं लागतं. म्हणून "दोनची वेळ आहे, दोनला पोचलो" हा हिशेब चुकीचा. पंधरा-वीस मिनिटं आधी केंद्रात या, शौचालय उरका, बॅग लॉकरमध्ये टाका. फोन आणि कॅमेरा आत वापरायचा नाही.

आत तीनच कलाकार आहेत: क्लोद मोने, जेम्स टरेल, वॉल्टर डी मारिया. इतकंच? असं वाटून लोक वीस मिनिटांत बाहेर येतात. दीड तास ठेवा. कोणत्या क्रमाने जायचं हे रांग पाहून ठरवा: टरेलच्या 'ओपन फील्ड'समोर एका वेळी थोड्याच माणसांना सोडतात, तिथे रांग नसेल तर आधी तेच करा. बूट काढून काळ्या पायऱ्या चढता आणि समोरच्या निळ्या चौकटीपाशी थांबता. ती भिंतीवर रंगवलेली वाटते. मग कर्मचारी म्हणतो, आत या. पाय भिंतीच्या आत जातो. सांगितलेल्या रेषेपुढे मात्र जाऊ नका. तिथे खोली किती आहे हे डोळ्यांना कळत नाही.

मोनेच्या खोलीत शिरतानाही बूट बदलावे लागतात. पाच कमळचित्रं, एकही दिवा नाही, वरून झिरपणारा दिवसाचा उजेड. खाली बघायला विसरू नका: दोन सेंटिमीटरचे पांढरे संगमरवरी चौकोनी तुकडे, जवळजवळ सात लाख, कडा किंचित गोलसर केलेले. बाहेर ढग सरकला की फरशीचा रंग बदलतो आणि मागोमाग चित्रांमधला जांभळाही. ढगाळ दिवस आहे म्हणून कुरकुरू नका. सतत बदलणाऱ्या आभाळात ही खोली सगळ्यांत छान दिसते.

डी मारियाच्या दालनात पायऱ्यांच्या मधोमध सव्वादोन मीटरच्या आसपास व्यासाचा काळा ग्रॅनाइटचा गोल आणि भिंतींपाशी सोन्याचा वर्ख दिलेले २७ लाकडी आकार. खालून पाहून वळू नका, वरपर्यंत चढा आणि गोलात बघा: छताची फट, आकाश आणि बारीक ठिपक्याएवढे तुम्ही. पायऱ्यांना कठडे नाहीत. लहान मुलाचा हात सोडू नका.

*तपासून घ्या:* बाहेर पडण्याआधी टरेलच्या 'ओपन स्काय'मध्ये बसून झालं का? छताला चौकोनी उघडं आभाळ असलेली खोली. पाऊस असला की बाक ओले असतात, म्हणून अनेकजण दारातूनच परततात. रुमाल ठेवा.

टप्पा ८: ली उफान, बेनेसे हाउस आणि भोपळा

इथून वाट उताराची आहे, शटलची वाट न पाहता चालत या. ली उफान म्युझियममध्ये त्या कोरियन कलाकाराची दगड आणि लोखंडी पत्र्यांची कामं आहेत. अर्धा तास पुरतो. थकला असाल तर हेच सोडा.

बेनेसे हाउस म्युझियममध्ये मात्र एक गोष्ट शोधा. योशिहिरो सुदा यांनी लाकडात कोरून रंगवलेलं तण तिथल्या काँक्रीटच्या भिंतीतल्या फटीत उगवलंय. नाव लिहिलेली पाटी शोधत गेलात तर हुकेल. आम्ही दोनदा समोरून गेलो, आणि तिसऱ्यांदा "एवढ्या स्वच्छ जागेत हे गवत कसं राहिलं?" असं मावशीच म्हणाली.

इथून पिवळा भोपळा चालत गाठता येतो. धक्क्याच्या टोकाशी फोटोची रांग असते. पाचनंतर, परतीच्या बोटी धरायला लोक गेल्यावर, ती ओसरते. भोपळ्याला हात लावू नका, त्यावर मूल बसवू नका. आणि ओल्या धक्क्यावर मागे मागे सरकत फोटो काढू नका, मागे समुद्र आहे.

टप्पा ९: परत निघताना

त्सुत्सुजी-सोहून मियानोउराकडची शेवटची बस शेवटच्या बोटीच्या बरीच आधी जाते. थांब्यावरचा तक्ता सकाळीच फोटो काढून ठेवा. ती हुकली तर होनमुरामार्गे चार किलोमीटर चाल आहे, आणि बेटावर टॅक्सी सहज मिळत नाही.

मियानोउराला पोचल्यावर उनोच्या बोटीला तास-दीड तास असेल तर ओताकेंनी सजवलेलं सार्वजनिक न्हाणीघर बंदराच्या मागच्याच गल्लीत आहे. ही खरीखुरी न्हाणी आहे: कपडे सगळे काढायचे, पाण्यात उतरण्याआधी बसून अंग नीट धुवायचं, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पुरुष आणि बायकांच्या मधल्या भिंतीवर एक छोटा हत्ती उभा आहे, दोन्ही बाजूंनी दिसतो. केस वाळायला वेळ धरा. लॉकरमधलं सामान आधी काढून घ्या, आणि बोट सुटण्याच्या पंधरा मिनिटं आधी धक्क्यावर या. लाल भोपळ्याचा फोटो राहिला होता ना, तो आता काढा. अंधार पडल्यावर आतला दिवा लागतो आणि ठिपक्यांच्या भोकांतून उजेड बाहेर येतो.